रॅन्समवेअरचा प्रकार कसा ओळखावा? (खर्चाची मर्यादा २,००० रुपये)

टंकलेखक_सातारा: आमच्या संगणकात रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, शिरला आहे. आमच्या डीटीपी केंद्रात कामावरच्या मुलाने डिझाइनच्या सॉफ्टवेअरची क्रॅक (परवाना मोडून फुकट वापरायची) प्रत बसवली, तेव्हा विंडोज अपडेटसारखी खिडकी उघडली आणि नंतर सर्व फायलींच्या नावांना चार अक्षरांची शेपटी लागलेली दिसली. प्रत्येक फोल्डरमधील ‘रीडमी’ चिठ्ठीत ९८० डॉलर, आणि ७२ तासांत संपर्क साधल्यास ४९० डॉलर, मागितले आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

डोंगरवाट: मी चार डिस्कचा नॅस (नेटवर्कला जोडलेला साठवणीचा डबा) घेतल्यापासून निश्चिंत आहे. पंचेचाळीस हजार गेले, पण तुम्हीही तोच घ्यावा.

अभय_क: हा २०१७ चा वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर आहे. आमच्या कार्यालयातील सगळी यंत्रे तेव्हा बंद पडली होती.

निशाचर: अभयराव, वॉनाक्राय विंडोजच्या एसएमबीमधील (नेटवर्कवर फायली वाटून घेण्याच्या सोयीतील) त्रुटीतून आपोआप नेटवर्कभर पसरत असे, येथे क्रॅक, खोटे अपडेट आणि अर्ध्या खंडणीची सवलत ही तिन्ही लक्षणे स्टॉप-डीजेव्हीयू या रॅन्समवेअरची आहेत. ‘आयडी रॅन्समवेअर’ या मोफत संकेतस्थळावर चिठ्ठी आणि एक बाधित फाइल चढवून खात्री करावी. चिठ्ठीतील आयडीच्या शेवटी ‘टी१’ असेल, तर ऑफलाइन किल्ली (अनेक बाधितांसाठी एकच असलेला कुलपाचा संकेत) वापरली गेली आहे आणि एम्सिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीच्या मोफत साधनाने फायली सुटण्याची आशा आहे. अन्यथा नव्या उपप्रकारांत ती जवळजवळ नाही.

अभय_क: आमच्याकडेही चिठ्ठी आली होती, एवढेच माझे म्हणणे आहे.

मीरा_पुणे: माझ्या भावाने दुकानदाराला आठ हजार दिले आणि त्याने केवळ शेपटी पुसून फायली परत केल्या. अर्थात एकही उघडली नाही. हा प्रकार फाइलचा सुरुवातीचा साधारण दीडशे केबी भागच कुलूपबंद करतो, त्यामुळे मोठे व्हिडिओ कधीकधी दुरुस्त होतात, हे मात्र आम्हाला फार उशिरा कळले.

डोंगरवाट: नॅस असता तर हा प्रश्नच उद्भवला नसता.

निशाचर: नॅसचा ड्राइव्ह सतत जोडलेला असेल, तर त्यावरील फायलीही जातात. याच्यासोबत पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही अनेकदा येतो, म्हणून बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून आजच बदलावेत. बाधित फायली जपून ठेवाव्यात, कारण किल्ली पुढे उपलब्ध होऊ शकते.

टंकलेखक_सातारा: सर्वांचे आभार. पासवर्ड बदलले. आयडीच्या शेवटी ‘टी१’ नाही. लग्नसराई सुरू असल्याने फायली जपत न बसता डिस्क आज फॉरमॅट करतो आणि छापील प्रतींवरून पत्रिका पुन्हा टंकित करतो.

निशाचर: पाचशे रुपयांच्या पेनड्राइव्हवर त्या मावल्या असत्या हो!