मदत हवी आहे: नदीकाठी मुक्काम, गाडीतला फ्रीज पहाटे बंद पडतो

ऐरोलीकर_८
होळीच्या जोडसुट्टीत दोन कुटुंबं, मुलं धरून सात जण, नदीकाठी दोन रात्री मुक्काम. कॅम्पर गाडी आहे, शिवाय एक तंबू. अडचण एकच. फ्रीज पहाटे चारच्या सुमारास बंद पडतो, सकाळी दूध नासलेलं आणि मासळी फेकायची वेळ. बॅटरी १०० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे तिची साठवण), नवीच आहे. दुकानदार म्हणतो अजून एक जोडा. जोडू का? शुक्रवारी निघायचंय. जागा ठरली आहे, कृपया जागा सुचवू नका.

वायरमन_कळवा
बॅटरी पाण्याची की लिथियम? फ्रीज किती वॅटचा? बॅटरीपासून फ्रीजपर्यंत तार किती लांब, किती जाड? आणि रात्री त्या बॅटरीवर अजून काय काय चालतं? हे न विचारता 'जोडा' म्हणणाऱ्याला बॅटरी खपवायची आहे.

बर्फवाला_कोपरी
फ्रीजच्या नादी लागूच नका. जाड भिंतीची चांगली आइसबॉक्स घ्या. कारखान्यातली लादी घ्या, फोडून नको, अख्खा तुकडा. चुरा केलेला बर्फ फार लवकर वितळतो. पेटीचा निदान तिसरा हिस्सा बर्फ हवा. आदल्या रात्री पेटीत बाटल्यांचा बर्फ टाकून ती आतून गार करून घ्या, नाहीतर पहिली लादी पेटी गार करण्यातच संपते. मासळी तळाशी, दूध वर.

ऐरोलीकर_८
आइसबॉक्स नकोय. फ्रीजवर पैसे घातलेत. बॅटरी पाण्याची, फ्रीज ४५ वॅट, कॉम्प्रेसरवाला. तार पाच मीटर असेल, १.५ची. रात्री दिवे आणि पंखे, बाकी काही नाही.

खारघर_डोंगरवाट
नदी कोणती?

ऐरोलीकर_८
नदी कोणती यानं बॅटरीला काय फरक पडतो?

खारघर_डोंगरवाट
बॅटरीला नाही. तंबूला पडतो.

वायरमन_कळवा
पंखे कसले? बारा व्होल्टचे की घरचे?

ऐरोलीकर_८
घरचेच टेबल फॅन, दोन. इन्व्हर्टरवर. डासांमुळे खिडक्या लावाव्या लागतात, त्यात मुलं.

वायरमन_कळवा
सापडला चोर. दोन टेबल फॅन म्हणजे १०० वॅट. इन्व्हर्टर स्वतः खातो ते धरून बॅटरीतून साधारण १० अँपिअर जातात. रात्री दहा ते पहाटे चार, सहा तास, ६० एएच. फ्रीज चालू असताना चारेक अँपिअर घेतो, पण निम्मा वेळच चालतो, म्हणजे तासाला २. संध्याकाळी सहापासून २०. झाले ८०. पाण्याची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य संपत जातं, तुम्ही रोज त्याच्याही खाली नेताय.

दुसरं, तार. पाच मीटर जाणारी, पाच येणारी, दहा मीटर. १.५ स्क्वेअर एमएमच्या तांब्यात ४ अँपिअरला जवळपास अर्धा व्होल्ट वाटेतच जातो. बॅटरी १२ व्होल्ट दाखवते आणि फ्रीजला मिळतात साडेअकराच्या आसपास. तो स्वतःला वाचवायला बंद होतो. ६ची तार टाका, गळती ०.१२ व्होल्टवर येते. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात, १५ अँपिअरचा. फ्रीजवर बॅटरी प्रोटेक्शनचं (बॅटरी उतरली की फ्रीज बंद करणारं) सेटिंग 'हाय' असेल तर 'मिडीयम'ला आणा.

पंखे बारा व्होल्टचे, १५ वॅटचे दोन घ्या. आठ तासांत दोन्ही मिळून २० एएच. इन्व्हर्टर बंदच. रात्रीचा हिशोब ४५ ते ५०वर येतो, बॅटरी जेमतेम पुरते. दुसरी बॅटरी नको. अशी खोल उतरवलेली बॅटरी आणि कोरी समांतर जोडली की कोरी पहिलीला पोसत बसते, आणि वर वीसपंचवीस किलोचं ओझं.

जनरेटर_घणसोली
एवढं गणित कशाला? एक किलोवॅटचा पेट्रोल जनरेटर घ्या, पंखे काय, मिक्सरही चालेल.

वायरमन_कळवा
आणि रात्रभर शेजारच्या तंबूंना घरघर. शिवाय धूर. सात जण खिडक्या लावून झोपणार आणि जनरेटर गाडीला टेकवून? कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कोळशाच्या शेगडीचंही तेच, तंबूत अजिबात नको. गॅसचा छोटा सिलेंडर वापरत असाल तर स्वयंपाक बाहेर करा. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर गाडीच्या फरशीवर साचतो, वरची खिडकी उघडून उपयोग नाही.

खारघर_डोंगरवाट
साहेब, नदी?

ऐरोलीकर_८
कुंडलिका. कोलाडच्या पुढे. मालकाने फोटो पाठवलेत, गाडी थेट पाण्याशी जाते, गोटे आहेत, तंबूला सपाट वाळू. म्हणून तर घेतली.

खारघर_डोंगरवाट
तेच वाटलं होतं. कुंडलिकेत उन्हाळ्यात पाणी असतं ते पावसाचं नाही. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली येतं, पुढे रावळज्याहून नदीत सुटतं. सकाळचं राफ्टिंग त्याच पाण्यावर चालतं. म्हणजे रात्री कोरडी दिसणारी वाळू सकाळी पाण्याखाली जाऊ शकते. आकाशात ढग नसताना. उल्हासला भिवपुरीचं आणि पाताळगंगेला खोपोलीचं वीजघर आहे, तिथेही हाच प्रकार.

फोटोत बघा: काठच्या झाडांच्या फांद्यांत वाळलेलं गवत, प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्यात का? ती पावसाळ्यातल्या पुराची खूण. त्याखाली दगडांवर शेवाळाची ओलसर रेघ असते, ती रोजच्या पाण्याची. तंबू दोन्हींच्या वर हवा, गवत उगवलेल्या पक्क्या जमिनीवर. गाडीही वर, तोंड रस्त्याकडे. पाणी किती वाजता सुटतं ते मालकाला नको, राफ्टिंगवाल्यांना किंवा गावात विचारा. मालकाला जागा भाड्याने द्यायची असते. आणि मुलांना सकाळी पात्रात सोडू नका.

घोडबंदर_सावली
गोट्यांवर गाडी नेऊ नकाच. मागची चाकं रुतली की अॅक्सिलरेटर दाबायचा मोह होतो आणि खड्डा खोल होतो. दोन फळ्या आणि गोणपाट ठेवा, चाकापुढची वाळू हाताने काढा, मग फळी सरकवा. तंबूखालची ताडपत्री तंबूच्या बाहेर डोकावता कामा नये, दव पडलं की सगळं पाणी आत. रात्री साप-विंचवाची जागा आहे, तंबूची चेन कायम लावलेली हवी आणि सकाळी बूट झटकूनच घालायचे. सर्पदंशाला १०८ आणि थेट सरकारी रुग्णालय, झाडपाला नाही.

पेणची_मामी
शिमग्याला त्या रस्त्याने जाताय आणि मडक्यात भाजायच्या पोपटीचं कुणीच विचारलं नाही! वडखळ-नागोठण्याच्या पट्ट्यात भांबुर्डीचा पाला मिळतो. मडक्याच्या तळाला पाला, वर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, अंडी, बटाटे, पुन्हा पाल्याने तोंड घट्ट बंद. पाण्याचा थेंब नको. मडकं उलटं ठेवून भोवती जाळ. मडक्यावर पाणी शिंपडलं की चर्र झालं पाहिजे, तेव्हा काढायचं.

बर्फवाला_कोपरी
मामी, होळीला वालाच्या शेंगा जून झालेल्या असतात. पोपटी जानेवारीतली.

पेणची_मामी
उशिरा पेरलेला वाल मिळतो. शोधायला यायला हवं. आणि जाळ मालकाच्या अंगणात करा, नदीकाठचं गवत तेव्हा नुसतं कोरडं असतं.

सानपाडा_आरटीओ
गाडीच्या आरसीवर कॅराव्हॅन म्हणून नोंद आहे ना? मूळ प्रवासी गाडीत पलंग, सिंक बसवले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे बदल नोंदवावा लागतो. महाराष्ट्राचं कॅराव्हॅन धोरण २०२१चं आहे.

ऐरोलीकर_८
नोंद आहे, आणि हे मी विचारलं नव्हतं. मालकाला फोन केला, वरच्या आंब्याखाली जागा आहे म्हणतो, नदीपासून साठ-सत्तर पावलं. तिथे वीज मात्र नाही. मग दुसऱ्या रात्रीचं काय? बॅटरी दिवसा भरणार कशी?

वायरमन_कळवा
आंब्याखाली सोलर चालणार नाही, पॅनेल उन्हात ठेवून तार आणा. १०० वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला ३० एएच देतं, पण दिवसा फ्रीजच २५ खातो. २०० वॅटचं हवं. नाहीतर गाडीत २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (चालत्या गाडीवर ही बॅटरी भरणारा), दोन तास गाडी चालली की ४० एएचच्या आसपास. पण शुक्रवारपर्यंत बसवून होणार नाही. निघण्याआधी फ्रीज घरच्या विजेवर रात्रभर चालवून गार करा, गार झालेलं सामानच भरा, रिकाम्या जागेत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या. दुसऱ्या रात्री मासळी नकोच.

बर्फवाला_कोपरी
म्हणजे शेवटी बर्फच.

वायरमन_कळवा
बाटल्यांतला. तार मात्र ६चीच टाका.