मदत हवी आहे: रँडम बिट काढायला आधी रँडम बिट लागतात, मग ते आणू कुठून?

नमस्कार मंडळी, दोन आठवडे अडकलोय, कोणीतरी वाट दाखवा.

२एन३९०४ ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर जंक्शन १२ व्होल्टवर उलटं जोडून त्याचा नॉइज (विजेतली बेभरवशाची चढउतार) अँप्लिफाय करून आर्डुइनो या छोट्या बोर्डवर वाचतोय, थ्रेशोल्डच्या वर गेला की १, खाली ०. यातून एन्क्रिप्शनसाठी २५६ बिटांची की, म्हणजे गुप्त किल्ली, बनवायचीय. पण १ येतात ५८ टक्के. म्हणून गणितज्ञ फॉन नॉयमनची १९५१ ची युक्ती लावली, जोडी ०१ आली तर ०, १० आली तर १, ०० आणि ११ टाकून द्यायच्या. चारातले तीन बिट वाया गेले ते चालेल, पन्नास-पन्नास झालं म्हणून खूश होतो, मग बघतो तर शेजारशेजारचे बिट अजून एकमेकांवर अवलंबून आहेत, लॅपटॉपचा चार्जर लावला की जास्तच, बहुतेक घरच्या विजेचं ५० हर्ट्झ आत शिरतंय. बिट स्वतंत्र असले आणि झुकाव कायम असला तरच ती युक्ती चालते हे तेव्हा कळलं.

मित्र म्हणतो सरळ एसएचए-२५६ (बिट घुसळून २५६ बिट देणारं हॅश फंक्शन) मधून काढ, रँडमपणाच्या सगळ्या टेस्ट पास होतील. होतीलच, पण १, २, ३ असे आकडे हॅश केले तरी होतात ना! किल्ली चोरू बघणाऱ्याला मूळ बिटांचा अंदाज किती येतो ते महत्त्वाचं.

त्यात संगणकशास्त्रज्ञ सांथा आणि उमेश वझिरानींचा निकाल वाचला, की अशा झुकलेल्या, एकमेकांवर अवलंबून बिटांच्या एका सोर्समधून ठरलेल्या फंक्शनने एकसुद्धा चांगला बिट हमखास निघत नाही, वेगळं सीड, म्हणजे आधीचेच थोडे चांगले रँडम बिट, लागतं. मग सीड कुठून? आणि मिन-एन्ट्रॉपी (सगळ्यात चांगला अंदाज बांधणाऱ्यालाही बिटामागे किती कळत नाही याचं माप) किती धरू? ५८ टक्क्यांवरून बिटामागे ०.७९ येते, पण ती बिट स्वतंत्र धरून.

प्रतिसाद:
०.७९ विसरा. चार्जर लावून कच्चे बिट घ्या, त्यांच्यावर एनआयएसटी ८००-९०बी (एन्ट्रॉपी मोजायचं अमेरिकन मानक) चे नॉन-आयआयडी, म्हणजे बिट स्वतंत्र न धरणारे, अंदाज चालवा, फॉन नॉयमननंतरच्या बिटांवर नको. समजा ०.३ आली. लेफ्टओव्हर हॅश लेमाने (किती एन्ट्रॉपीतून किती चांगले बिट निघतात ते सांगणारं प्रमेय) चूक, म्हणजे किल्लीचं खऱ्या रँडमपासूनचं अंतर, २ चा उणे ६४ वा घात इतकीच हवी तर २५६ अधिक १२८, म्हणजे ३८४ बिट एन्ट्रॉपी लागते, म्हणजे १२८० कच्चे बिट. ते टोप्लिट्झ मॅट्रिक्सने (प्रत्येक तिरप्या ओळीत एकच बिट असलेला, सीडवरून भरलेला तक्ता) गुणून २५६ वर आणा, सीड १५३५ बिटांचं. सीड गुप्त नसलं तरी चालतं आणि पुन्हा पुन्हा वापरता येतं, फक्त तुमचा नॉइज त्यावर अवलंबून नको, म्हणजे सीड बघून कोणी तुमच्या पॉवर सप्लायशी खेळू शकेल अशी सोय ठेवू नका. सीडसाठी नाणं उडवा, तिथे फेका स्वतंत्र असतात म्हणून फॉन नॉयमन खरंच बसतो, सहा हजारांवर फेका लागतील, चार जण बसा. आधी दहा लाख कच्च्या बिटांची फाइल इथे टाका, मी चालवून बघतो.