शब्दचर्चा : ‘डिफ लॉक’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न

पावसाळ्यात फोर बाय फोर गाड्या घेऊन कच्च्या वाटांवर जाणाऱ्या नवख्या मंडळींसाठी मी मराठीत माहितीपत्रक लिहिते आहे. त्यातलं एक वाक्य अडलंय : ‘डिफरन्शियल लॉकरमुळे टायरची पकड वाढते.’ (डिफ लॉक म्हणजे हाच लॉकर.) ‘विभेदक कुलूप’ असं लिहून पाहिलं. घरच्यांनी वाचलं आणि विचारलं, ‘गाडी चोरीला जाऊ नये म्हणून बसवतात का हे?’ बरा शब्द सुचवाल का?

उत्तर

ताई, शब्दाकडे येऊच, पण आधी वाक्य दुरुस्त करायला हवं. लॉकरने टायरची पकड वाढत नाही. पकड ठरते टायर, त्यातली हवा, खालची जमीन आणि चाकावर पडणारा भार यांवर. आपण ‘ट्रॅक्शन’ला सरसकट ‘पकड’ म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. मराठीत दोन वेगळे शब्द आहेत, ते वेगळे ठेवू या. टायर जमिनीला धरतो ती पकड. त्या पकडीच्या जोरावर गाडी पुढे खेचली जाते ती ओढ. लॉकर ओढ वाढवतो.

ती कशी? वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. दोन चाकांत दीड मीटर अंतर असेल, तर गाडीने एक पूर्ण गोल फिरल्यावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे साडेनऊ मीटर जास्त चाललेलं असतं. हा फरक पडू देणारी दातेरी चाकांची जुळणी म्हणजे डिफरन्शियल. पण साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना जोर सारखाच देतो. डावं चाक चिखलात गेलं, त्याला पकड नाही, म्हणजे ते फिरवायला जोर लागतच नाही; मग तेवढाच नगण्य जोर उजव्या चाकाला मिळतो. उजवं चाक कोरड्या कातळावर असूनही ढिम्म हलत नाही आणि डावं गरगर फिरत स्वतःखालचा खड्डा खोल करत राहतं. लॉकर हा फरकच बंद करतो. दोन्ही चाकं एका वेगाने फिरू लागतात आणि कातळावरच्या चाकाची पकड, जी आधीपासून होतीच, ती कामाला येते.

आता ‘कुलूप’. घरच्यांचा प्रश्न अगदी योग्य आहे. कुलूप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दार बंद होतं. ‘लॉक’ तसंच ठेवलं तरी एक धोका उरतो : रोजच्या बोलण्यात ‘ब्रेक मारला आणि चाक लॉक झालं’ याचा अर्थ चाक फिरायचं थांबलं. इथे नेमकं उलट आहे. चाक थांबत नाही. डाव्या-उजव्या चाकांचे शाफ्ट, म्हणजे चाकं फिरवणारे दांडे, एकमेकांना बांधले जातात. म्हणून ‘चाकं लॉक होतात’ हे वाक्य पत्रकात कुठेही येऊ देऊ नका.

दुसरं उत्तर

आमच्याकडे कोकणात हा शब्द गाड्यांच्या कितीतरी आधी ट्रॅक्टरबरोबर आला. चिखलणीच्या वेळी खाचरात एक चाक बसलं, की बांधावर उभा असलेला माणूस ओरडतो, ‘लॉक दाब, लॉक!’ ड्रायव्हर उजव्या टाचेने सीटखालचं पेडल दाबतो. दोन्ही चाकं एकदम फिरतात, चिखल दोन्हीकडून सारखा उडतो आणि ट्रॅक्टर सरकतो. बांध जवळ आला की वळायच्या आधी टाच उचलायची. कधी टाच उचलूनही लॉक सुटत नाही, कारण शाफ्टवर ताण असतो. क्लच दाबून ताण काढला की सुटतो. इथे ‘विभेदक’ कुणाला कळणार नाही, ‘डिफ लॉक’ मात्र शेंबड्या पोरालाही कळतं. शब्द तोच ठेवा.

पहिल्या उत्तरकर्त्याकडून

नामाबद्दल पूर्ण सहमत, ‘डिफ लॉक’च ठेवावं. माझा आग्रह क्रियापदाचा आहे, कारण मराठीची खरी ताकद तिथे आहे. फोर्स गुरखामध्ये पुढे-मागे दोन्हीकडे डिफ लॉक असतात आणि ते चालकाने ‘लावायचे’ असतात. मेकॅनिकल लॉकर असलेल्या थारमध्ये मागचा लॉक आपोआप ‘लागतो’. ईटन कंपनीच्या या लॉकरमध्ये दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की तो लागतो, आणि गाडी ताशी तीसेक किलोमीटरच्या वर असेल तर लागत नाही. म्हणजे नवख्याला हेही सांगायला हवं की थारमध्ये चाक क्षणभर फिरू द्यावं लागतं. घाबरून लगेच पाय काढला तर लॉक लागणारच नाही. लावणे आणि लागणे, या दोन रूपांत सगळा फरक आला. ‘सिलेक्टेबल’, ‘ऑटोमॅटिक’ असं वेगळं लिहायची गरजच नाही.

जिम्नीचं प्रकरण निराळं. तिथे फुकट फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसरीकडे वळवतात. त्याला डिफ लॉक म्हणू नये.

आणि समजावून सांगताना ‘सांगड’ वापरून पाहा. पूर्वी नदी ओलांडायला दोन होड्या किंवा भोपळे एकत्र बांधत, ती सांगड. बांधलेल्या दोन होड्यांतली एक पुढे, एक मागे जाऊ शकत नाही. डिफ लॉक लावल्यावर चाकांचं हेच होतं.

प्रश्नकर्तीकडून

‘सांगड’ फार आवडला. वाक्य असं केलंय : ‘डिफ लॉक लावला की मागच्या दोन चाकांची सांगड बसते आणि ज्या चाकाला पकड आहे ते गाडी ओढून काढते. डांबरी रस्ता लागला की लॉक काढा.’

पहिल्या उत्तरकर्त्याकडून

छान झालंय. फक्त ‘डांबरी रस्ता लागला की’ ऐवजी ‘डांबरी रस्ता लागण्याआधी’ करा. टणक रस्त्यावर सांगड घातलेली चाकं वळताना टायर घासतात, गाडी सरळच जायला बघते आणि सगळा ताण शाफ्टवर येतो. असा तुटलेला शाफ्ट मी हातात घेऊन पाहिलाय, पिळलेल्या उसासारखा दिसत होता.