नखावरून स्थळ नाकारलं आणि कारण दिलं पत्रिकेचं, हे बरोबर आहे का?

विश्रामबागवाली
मी सांगलीत असते, बँकेत नोकरी, घरात माझ्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. मागच्या महिन्यात एक आलं होतं, मुलगा इंजिनिअर, कुपवाड एमआयडीसीत कामाला, घरची माणसं साधी, पत्रिकेत ३६ पैकी २६ गुण, आईला तर हे जमल्यातच जमा वाटत होतं. घरच्यांनीच सांगितलं की दोघं बाहेर भेटून घ्या, म्हणून आम्ही विश्रामबागेतल्या एका कॅफेत भेटलो. बोलणं चांगलं चाललेलं. मग कॉफी आली आणि त्यानं साखरेची पुडी करंगळीच्या नखानं फाडली. चांगलं बोटाच्या बाहेर आलेलं नख, मुद्दाम वाढवलेलं, टोकाला निमुळतं केलेलं आणि कडेनं पिवळट. तेच नख मग त्यानं कपात बुडवून वर आलेली साय बाजूला केली. त्यानंतर तो काय बोलत होता ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही, माझी नजर त्या बोटावरच.

घरी येऊन नाही म्हणाले आणि कारणही सांगितलं. आई म्हणाली असलं कारण कुणी सांगतं होय, आणि मध्यस्थांना फोन करून सांगून टाकलं की दुसऱ्या गुरुजींना दाखवली, नाडी एक येतेय, म्हणजे पत्रिका जुळत नाही.

माझं म्हणणं दोन आहे. एक म्हणजे बारीक कारणावरून नाही म्हणायचा मला हक्क आहे, कारण रोज समोर बसून जेवायचं मला आहे, नातेवाइकांना नाही. आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे खरं कारण त्याला कळायला पाहिजे. नख कापायला एक मिनिट लागतं, नाडी तो कशी बदलणार? असंच आणखी चार ठिकाणी नकार येत राहील आणि त्याला वाटेल आपल्या पत्रिकेतच दोष आहे, शांती करा, पूजा घाला, नारायण नागबळीला जाऊन या. तुम्हाला काय वाटतं?

मिरजेची_मावशी
बाळ, मी आमच्या नात्यातली बरीच लग्नं जमवलीत म्हणून बोलते. पत्रिकेवर ढकलतात ते उगीच नाही. गुणमिलनात नाडीचे एकटीचे ८ गुण, ती एक आली की माणसं पुढं प्रश्न विचारत नाहीत, दोन्ही घरं एकमेकांच्या वास्तुशांतीला परत जेवायला बसू शकतात. आपली सांगली-मिरज केवढीशी, मुलाची मावशी तुझ्या आत्याच्या भिशीत निघते. "मुलीनं नखावरून नाकारलं" हे एकदा बाहेर पडलं की त्या मुलाला ते चिकटतं आणि तुलाही चिकटतं, की ही फार नाकं मुरडणारी आहे. त्याच्या पाठची बहीण लग्नाची असेल तर तिच्यापर्यंत जातं. तुझ्या आईनं सगळ्यांची अब्रू राखली, तिला खोटारडं ठरवू नकोस.

साताऱ्याची_सून
मी नखाच्या बाजूनं. लोक म्हणतात किरकोळ आहे, पण माणूस पहिल्या भेटीत जेवढा नीट राहतो तेवढा नंतर कधीच राहत नाही. पहिल्याच भेटीला जो पोरगा वेटरला चुटकी वाजवून बोलवतो, फोन आला की स्पीकरवर टाकून अख्ख्या हॉटेलला ऐकवतो, गाडीच्या नंबरप्लेटवर आकडे वाकवून दादा लिहून फिरतो, तो घरात कसा असेल हे कळायला पत्रिका लागत नाही. माझ्या बहिणीसाठी आलेल्या एकाला आम्ही पोवई नाक्यावर वन वेत उलटा घुसताना बघितला, तोही आम्हाला भेटायलाच येत होता. नाही म्हणालो. आणि तेव्हाही कारण पत्रिकाच सांगितलं, हेही खरं.

तासगावचा_बागायतदार
माझा अनुभव उलटा आहे, ऐकून घ्या. माझी द्राक्षाची बाग. ऑक्टोबर छाटणी झाली की डावणी रोगाच्या भीतीनं फवारणीवर फवारणी असते, ढग आले की रात्री सुद्धा ट्रॅक्टर काढायला लागतो. फवारायच्या बोर्डो मिश्रणातलं मोरचूद आणि चुना नखांच्या कडेला आणि तळहाताच्या रेघांत बसतो, निळसर हिरवा, साबणानं जात नाही, लिंबू चोळलं तरी दोन दिवस राहतोच. अशाच दिवसांत एका ठिकाणी बघायचा कार्यक्रम होता. पोहे घेतले, बोललो, सगळं व्यवस्थित. दोन दिवसांनी मध्यस्थानं खरं कारण सांगितलं, अगदी तुमच्या म्हणण्याप्रमाणं. मुलगी म्हणाली हात बघवंना.

खरं कारण सांगून माझं काय भलं झालं? बाग सोडू का? उलट त्यानंतर कुठं गेलो की हात मांडीखाली धरून बसायला लागलो. त्यापेक्षा नाडी एक आली म्हणाले असते तर मी घरी येऊन निवांत झोपलो असतो.

विश्रामबागवाली
दादा, तुमचं वाचून मला खरंच वाईट वाटलं. पण या दोन गोष्टी एक नाहीत हो. तुमच्या हाताला लागलं ते कामामुळं, त्यानं नख वाढवलं ते हौस म्हणून. जे माणसाच्या हातात नाही किंवा जे पोटापाण्यासाठी आहे, उंची, रंग, टक्कल, बोबडं बोलणं, शेतातलं काम, ते कारण सांगून कुणाला दुखवायचं नाही, तिथं नुसतं "आमचं जमत नाही" एवढं म्हणावं आणि गप्प बसावं. पण जे उद्या सकाळी बदलता येतं ते तरी सांगा ना. आणि दोन्हीकडं पत्रिका मध्ये आणायची काही गरज नाही.

तासगावचा_बागायतदार
कुठलं हौसेचं आणि कुठलं नाइलाजाचं हे ठरवणार कोण? तुमच्याच कॅफेत मी बसलो असतो तर तुम्ही हात बघून आधी विचारलं असतं का की हे कशाचं आहे? तुम्ही त्याला विचारलं का नख कशासाठी ठेवलंय?

सांगलीकर_सध्या_पुण्यात
दादांचा मुद्दा मला पटतो आणि मी मुलगी आहे. एका पुण्याच्या मुलाला दोन-तीनदा भेटले, सगळं ठीक चाललं होतं, मग त्याच्या आईशी फोनवर बोलले. मी आपली नेहमीसारखी, "काय करायला लागलाय काकू" असं. नंतर तो म्हणतो, आईला तुझं बोलणं जरा गावाकडचं वाटलं, ऑफिसमध्ये पण असंच बोलतेस का? त्याच्यासाठी ती बारीक गोष्टच होती आणि "उद्या सकाळी बदलता येईल" अशीच होती, तसं त्यानं मला सुचवलं पण, की थोडं लक्ष दिलं तर जमेल तुला. मी तिथंच थांबवलं.

म्हणून मला ही "बदलता येण्यासारखं असेल तर सांगावं" वाली फूटपट्टी धोक्याची वाटते. बोलणं, कपडे, चप्पल, हातानं जेवताना भात कसा कालवतो, मटणाचा रस्सा वाटी तोंडाला लावून पितो की चमच्यानं, यातलं निम्मं म्हणजे त्या माणसाचं घर आणि गाव असतं. किळस आली म्हणून ती खरीच असते असं नाही, आपल्याला कुणाला बघून नाक मुरडायला शिकवलंय ते पण त्यात असतं. ताई, तुझ्या नखाबद्दल मी म्हणत नाही. पण ज्यानं मला सुधारायला सांगितलं तोही मनापासूनच सांगत होता.

कृष्णाकाठ
मी मानसशास्त्र शिकवतो म्हणून थोडी भर घालतो. थॉर्नडाइकनं १९२० मध्ये दाखवलं होतं की माणसाचा एक गुण डोळ्यात भरला की आपण बाकीचे गुणही त्याच मापानं मोजायला लागतो, आणि ते वाईटाच्या दिशेनंही होतं. नख बघितल्यावर त्याचं बोलणं डोक्यात शिरलं नाही असं तुम्हीच लिहिलंय, ते हेच. दुसरं, ईस्टविक आणि फिंकेल यांनी २००८ च्या त्यांच्या अभ्यासात अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना आधी विचारलं की जोडीदारात काय पाहिजे आणि मग त्यांची स्पीड डेटिंगमध्ये भेट घालून दिली. आधी सांगितलेल्या आवडीचा आणि समोर आलेल्यांपैकी कोण आवडलं याचा फारसा मेळ बसला नाही. आपण कागदावर यादी करतो आणि प्रत्यक्ष माणूस आला की वेगळंच होतं. म्हणून माझं सांगणं, एका कॉफीवर हो पण नको आणि नाही पण नको. निदान दुसऱ्यांदा भेटा.

साताऱ्याची_सून
सर, दुसऱ्यांदा भेटा हे सांगायला सोपं आहे. आमच्याकडं दुसऱ्यांदा भेटली म्हणजे मुलीची पसंती धरतात, तिसऱ्या भेटीला हॉलची तारीख काढतात. मुलीला नाही म्हणायला जी जागा असते ती पहिल्याच भेटीनंतर. नंतर नाही म्हटलं की "मग एवढं फिरवलं कशाला" हे तिनंच ऐकायचं.

मिरजेची_मावशी
हे मात्र अगदी खरं बोललीस.

इर्विन_पुलावरून
सगळ्यांनी मुलींना शहाणपण शिकवायच्या आधी एक आकडा बघा. २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागं राज्यात ९१३ मुली होत्या आणि आपल्या सांगली जिल्ह्यात ८५१. तीच पिढी आज लग्नाला आली आहे. गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा कायदा १९९४ चा, तरी ही गत. आता पोरांना मुली मिळंनात म्हणून मुलींनी नखं, गुटखा, शेती सगळं चालवून घ्यावं असं वाटत असेल तर ते चूक आहे. आजवर मुलीला चालून दाखव, केस सोडून दाखव म्हणायचे, वांगं कसं करतेस विचारायचे, तेव्हा कुणाला ते किरकोळ वाटलं नाही.

तासगावचा_बागायतदार
आकडा बरोबर आहे भाऊ. पण त्या आकड्याला मी जबाबदार नाही, मी तेव्हा बालवाडीत होतो. गुटखा आणि शेती एका ओळीत लिहिलंत तेवढं काढा.

इर्विन_पुलावरून
मान्य. शेती काढली.

माहुलीचे_आबा
वयानं मोठा आहे, थोडं लिहितो. १९४३ पासून पुढं आपल्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं, तेव्हा आत्ताच्या सांगली जिल्ह्याचा बराच मुलूख साताऱ्यातच होता. त्या वेळी गावोगाव गांधी लग्नं लागली. बँड नाही, मानपान नाही, थोडक्यात लग्न. त्याआधी लोकांना वाटायचं मानपान केला नाही तर पाहुणे दुखावतील, नाती तुटतील. नाती तुटली नाहीत. मावशी म्हणतात पत्रिकेचं निमित्त काढलं नाही तर घरं दुखावतील, मला तेही तसंच वाटतं. चार घरांनी "मुलामुलीचं मन जुळलं नाही" एवढंच सरळ सांगायला सुरुवात केली की पाचव्या घराला त्यात अपमान वाटणार नाही. मुख्य म्हणजे खोट्या नाडीदोषापायी माणसं खर्चात पडतात. आमच्याच भावकीत एका मुलाच्या शांतीवर त्याच्या बापानं बैल विकून पैसे घातले. त्या मुलाची पत्रिका चांगली होती, त्याच्या तोंडाला वास यायचा. दातांच्या डॉक्टरकडं गेल्यावर तो वास गेला. दहा घरांना ते माहीत होतं आणि एकानंही सांगितलं नाही.

विश्रामबागवाली
आबा, मला नेमकं हेच म्हणायचं होतं.

मिरजेची_मावशी
आबा, तुमचं ऐकून मीही विचारात पडले, पण माझं एक म्हणणं राहतंच. सांगायचं असेल तर नकारासोबत सांगू नये. नकार आधी जाऊ दे, पंधरा-वीस दिवसांनी मुलाच्या घरातल्या कुणातरी बाईच्या, बहिणीच्या नाहीतर वहिनीच्या, कानावर हळूच घालावं. बहीण सांगते तेव्हा पोरगं ऐकतं आणि नकाराशी त्याचा संबंधही लावत नाही. पत्रिकेचं निमित्त मी करणारच, ते मला अजून चूक वाटत नाही.

तासगावचा_बागायतदार
विश्रामबागवाली ताई, एक सरळ विचारतो. उद्या तो नख कापून आला तर हो म्हणणार का?

विश्रामबागवाली
भेटेन. हो म्हणेनच असं नाही.

तासगावचा_बागायतदार
मग खरं कारण नख नव्हतंच की. नख हे तुमचं नाडी.

विश्रामबागवाली
नाही दादा, हे मला पटत नाही. नख नसतं तर मी तिथं बसून त्याचं सगळं बोलणं ऐकलं असतं आणि मग आवडला की नाही ते ठरवलं असतं. नखामुळं ठरवण्यापर्यंत आलेच नाही, म्हणजे कारण नखच. त्याच्याशी माझं भांडण नाही, बोलायला तो खरंच बरा वाटला होता. म्हणूनच आईला परवा म्हटलं की मी त्याला स्वतः सांगते, नंबर आहे माझ्याकडं. आई म्हणतेय नाडी एक सांगून बसलोय, आता नख म्हटलं तर आपणच खोटे ठरू.

सांगलीकर_सध्या_पुण्यात
आईचं बरोबर आहे, खोटे ठरालच. तरी सांग. फक्त आधी विचार की नख कशासाठी ठेवलंय, मग तुझं सांग.

माहुलीचे_आबा
आणि नाडीचं आधी निस्तरा, बाकी नंतर. त्याचे आईवडील एव्हाना कुठल्या गुरुजींकडं जाऊन बसले असतील तर त्यांचा खर्च तरी थांबेल.

तासगावचा_बागायतदार
सांगणारच असाल तर फोन करून सांगा. मेसेज नको, मेसेज भावकीच्या ग्रुपवर फिरतो.