चिपळूण–कुंभार्ली रोजचं रनिंग, पल्सर १५०: टायर घेताना ग्रिप बघू का लाईफ?

रोजची_फेरी

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही म्हणून.

गाडी पल्सर १५०, सिंगल डिस्कवाली, एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आल्यानंतरचं मॉडेल. मी एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, राहायला चिपळूण, त्यामुळे गुहागर, शृंगारतळी, खेड, दापोली असं सतत फिरणं आणि आठवड्यातून एकदा तरी कुंभार्ली घाट चढून पाटण-कराड. महिन्याला दोन हजार किलोमीटर कुठेच गेले नाहीत. पाऊस असो नसो डॉक्टरच्या वेळा ठरलेल्या असतात, थांबून चालत नाही.

मागचा टायर १००/९०-१७ मधोमध सपाट झालाय, मधली नक्षी जवळजवळ गेली, कडेची मात्र अजून नव्यासारखी दिसते. पुढचा ८०/१००-१७ अर्ध्याच्या वर संपलाय. आता गॅरेजवाला म्हणतो साधा कडक रबराचा टाक, २४०० पर्यंत येईल, ३५ हजार किमी बघायला नको. कराडचा एक दुकानदार म्हणतो सॉफ्ट कंपाऊंडचा, म्हणजे मऊ रबराचा घे, ३००० जातील, २० हजार चालेल पण घाटात चिकटून जाईल. घरचे म्हणतात पैशाकडे बघू नको. पण माझं रनिंग बघता मऊ टायर वर्षभरसुद्धा पुरणार नाही हो, आणि ॲव्हरेज पडतं म्हणतात ते वेगळंच.

तर पावसाळा तोंडावर आहे, काय करू? आणि दोन्ही टायर एकदम बदलायला पाहिजेत का?

माणदेशी_रायडर

भाऊ मी सांगोला-पंढरपूर साईडचा, आमच्याकडे सगळे कडकच वापरतात आणि त्याला कारण आहे. एकतर ऊन, एप्रिल-मेमध्ये डांबर नुसतं तापलेलं असतं, मऊ टायर बघता बघता उडतो. दुसरं म्हणजे बाभळीचे काटे. मागे बटण टायर (उंच गोट्यांच्या नक्षीचा) जाड रबराचा असला की पंक्चर कमी, शेताच्या वाटेला पण चालतो. मी वर्षानुवर्षं तेच टाकतो, पावसात पन्नासच्या वर जात नाही, काही अडचण नाही. तुमचं रनिंग एवढं आहे तर लाईफच बघा असं माझं मत. शेवटी गाडी चालवणाऱ्यावर असतं.

पाना_आणि_पिस्टन

माणदेशी भाऊंचं त्यांच्या भागापुरतं बरोबर आहे, सपाट सरळ रस्ता, पाऊस कमी, काटे जास्त, तिथे मी पण कडकच सांगेन. पण कोकणात गोष्ट वेगळी आहे हो, तिथे जून ते सप्टेंबर रस्ता वाळतच नाही आणि कुंभार्लीला तर पोफळी सोडलं की प्रत्येक वळणावर झुकावं लागतं.

आधी हे लक्षात घ्या की ग्रिप नक्षीत नसते, रबरात असते. नक्षीचं काम पाणी बाजूला काढायचं. रस्त्याला धरून ठेवतं ते रबर, आणि ते मऊ असलं की रस्त्याच्या बारीक खरखरीत दाण्यांत बसतं, म्हणून पकड मिळते आणि म्हणूनच झिजतं पण. खोडरबरासारखं आहे, मऊ असतं ते चांगलं खोडतं आणि लवकर संपतं. त्यात आजकाल बऱ्याच टायरमध्ये सिलिका घालतात, तिच्यामुळे ओल्या आणि गार रस्त्यावर पकड चांगली राहते, आणि टायर फिरताना कमी तापतो म्हणून ॲव्हरेजही फार पडत नाही. तर दुकानात नुसतं "सॉफ्ट आहे का" विचारू नका, ओल्या रस्त्यासाठी कुठला आहे ते विचारा.

आता आकडे. ६० च्या स्पीडला ब्रेक मारला, रस्ता ओला आहे. एका टायरची पकड (घर्षणाचा गुणांक) ०.७ धरा, दुसऱ्याची ०.५. ही मी उदाहरणादाखल धरलेली संख्या आहे, पण शाळेतलंच गणित आहे, कोणीही करून बघा. पहिली गाडी साधारण २० मीटरमध्ये थांबते, दुसरीला २८ मीटर लागतात. ८ मीटर म्हणजे एसटीच्या अर्ध्या लांबीपेक्षा जास्त. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की जिथे पहिली गाडी पूर्ण थांबलेली असते त्या जागेवरून दुसरी अजून ३२ च्या स्पीडने पुढे जात असते. समोर म्हैस आडवी आली असेल किंवा वळणावर ट्रक बंद पडलेला असेल तर तो ३२ चा स्पीड कुठेतरी जाऊन आपटणारच ना. पन्नासच्या आत चालवलं तरी प्रमाण तेच राहतं, अंतरं तेवढी कमी होतात.

आणि पैशाचं म्हणाल तर तुमच्याच आकड्यांवरून काढा. ३००० भागिले २० हजार म्हणजे किलोमीटरला १५ पैसे. २४०० भागिले ३५ हजार म्हणजे ७ पैसे. फरक ८ पैशांचा. पेट्रोल शंभराच्या वर आहे, ४५ चं ॲव्हरेज धरलं तरी किलोमीटरला सव्वादोन रुपये पेट्रोललाच जातात! वर्षाला २४ हजार किमी धरले तर मऊ टायरचे जास्तीचे दोनेक हजार होतात, महिन्याला १६० रुपये. नाही म्हटलं तरी पैसे आहेतच ते, पण एकदा पडलात की नुसतं हँडल, इंडिकेटर, लेग गार्डमध्येच त्याहून जास्त जातात, हाडाचं तर बोलूच नका.

माझा सल्ला असा की दोन्ही टायर सारखे घ्यायची गरज नाही. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे येतं, गाडी थांबवायचं बहुतेक काम पुढचाच टायर करतो, आणि मागचा घसरला तर गाडी सावरता येते, पुढचा सुटला की सावरायला वेळच मिळत नाही. आणि गंमत म्हणजे पुढचा टायर झिजतो पण हळू, कारण ओढायचं काम मागच्याचं. म्हणून पुढे मिळेल तेवढा चांगल्या ग्रिपचा टाका, तो मऊ असला तरी भरपूर चालेल. मागे मधला मार्ग, ड्युअल कंपाऊंड मिळाला तर बघा, मधल्या पट्ट्यात कडक रबर आणि कडेला मऊ. सरळ रस्त्याला मधला घासतो, झुकलं की कडेचा धरतो. तुमच्यासारख्या हायवे अधिक घाट रनिंगला तोच बरा.

रोजची_फेरी

सर एवढं सविस्तर, खूप आभार. ८ पैशांचं गणित मी कधी केलंच नव्हतं, डोळ्यासमोर फक्त २० हजार आणि ३५ हजार हेच होतं.

एक शंका, एबीएस असताना पण एवढा फरक पडतो का? आणि पुढचा अजून अर्धा शिल्लक आहे, तो आत्ता काढणं म्हणजे जीवावर येतंय.

पाना_आणि_पिस्टन

एबीएस चाक लॉक होऊ देत नाही एवढंच. पकड वाढवत नाही, रस्ता आणि रबर यांच्यात जेवढी आहे तेवढीच नीट वापरतं. कडक टायर असला की ओल्यात एबीएस लवकर लवकर काम करायला लागेल, लिव्हरला टकटक जास्त जाणवेल, पण गाडी थांबायला अंतर लागायचं तेवढं लागणारच. आणि तुमच्या मॉडेलला ते फक्त पुढच्या चाकाला आहे, मागे ड्रम, मागचं चाक अजूनही लॉक होतं.

टायरवाला_कऱ्हाडकर

मी दुकानातूनच लिहितोय, धंदा आमचा हाच आहे तरी जे खरं ते सांगतो.

कंपनीचा साईज बदलू नका. रोज कोणी ना कोणी पोरगा येतो आणि १००/९० काढून १२०/८० बसवा म्हणतो, ट्विन डिस्कवाल्या पल्सरला असतो म्हणून. अहो तिची रिम वेगळी. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की तो दोन्ही बाजूंनी आवळला जातो, मधे फुगतो, रस्त्याला टेकणारा भाग उलट कमी होतो. वर गाडी वळायला जड आणि ॲव्हरेज पडतं ते वेगळं. टायरवर ५५पी असं काहीतरी लिहिलेलं असतं ते पण बघा, ५५ म्हणजे २१८ किलो वजन, पी म्हणजे १५० किमीपर्यंतचा स्पीड. गाडीवर जो आला त्याच्यापेक्षा कमी नको.

तारीख बघा. साईडला डीओटी लिहिलेलं असतं त्याच्या शेवटी चार आकडे, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२४ असेल तर २०२४ चा २३ वा आठवडा. दुकानात दोन-तीन वर्षं पडून राहिलेला मऊ टायर मऊ राहत नाही, रबर कडक होत जातं. डिस्काउंट जास्त मिळतंय तर आधी तिथेच बोट ठेवून बघायचं. आमच्याकडे गिऱ्हाईक नक्षीवर नखं दाबून बघतं पण तारीख कोणी वाचत नाही.

झिजलाय किती ते बघायला साईडला टीडब्ल्यूआय (झीज दाखवणारी खूण) किंवा छोटा त्रिकोण असतो, त्याच्या सरळ रेषेत खाचेत बघितलं की एक उंचवटा दिसतो. नक्षी त्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. नियमात दुचाकीला नक्षीची खोली कमीत कमी ०.८ मिमी आहे, कारला १.६. पण ही शेवटची हद्द आहे, तुमच्या भागातल्या पावसात तिथपर्यंत थांबू नका.

आणि तुमचा मागचा मधे सपाट झालाय म्हणालात ना, तो नक्षी असती तरी मी काढाच म्हटलं असतं. सपाट टायरला सपाट भागाची एक कड तयार होते, घाटात झुकताना गाडी त्या कडेवरून एकदम पलीकडे पडल्यासारखी वाटते. हात लावून बघा, मधून कडेकडे बोट फिरवा, ती कड बोटाला लागते.

आंबाघाट_ताई

मी रोज साखरप्याहून मलकापूरला शाळेत जाते, म्हणजे रोजचा आंबा घाट. माझी युनिकॉर्न आहे, पुढे-मागे दोन्ही ग्रिपचे टायर आहेत आणि मी लाईफचा विचार करत नाही, मागे बऱ्याचदा मुलगी बसलेली असते. पण एक सांगावंसं वाटतं की चांगला टायर असला तरी तो कशावर चाललाय हे बघावंच लागतं. पहिल्या पावसाला जांभ्याची माती रस्त्यावर वाहून येते, तो लाल पातळ चिखल वाळून परत भिजला की त्याच्यावर कुठलाच टायर धरत नाही. वळणावर आतल्या बाजूला ट्रकच्या टाकीतलं डिझेल सांडलेलं असतं, पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले की मी तिथे ब्रेक लावत नाही आणि ॲक्सिलरेटरही सोडत-धरत नाही, सरळ शांत जाऊ देते. पांढरे पट्टे, पुलावरचे लोखंडी जॉईंट, झाडाखालचं शेवाळ, सगळीकडे तेच.

दुसरं म्हणजे दादा, गाडी वॉशिंगला दिलीत तर पोराला सांगा की टायरला पॉलिश मारू नको आणि खालून डिझेलचा फवारा नको. चमकतो छान, पण ते तेल नक्षीवर येतं. चेनला गिअर ऑइल जास्त लावलं तरी उडून मागच्या टायरच्या कडेला लागतं, नेमकं झुकल्यावर टेकतो तिथेच. चेनला लावल्यावर मी दहा मिनिटं थांबून कापडाने पुसून घेते.

माणदेशी_रायडर

ताईंचं पटलं. घाटात रोजचं जाणं असेल तर मी पण पुढे चांगला टाकायला सांगेन. मागे मात्र ड्युअल का काय ते, फार मऊ नको एवढंच. ते पावसात हवा कमी ठेवली की ग्रिप वाढते म्हणतात ते खरं आहे का कोणीतरी सांगा, आमच्याकडे सगळे करतात.

टायरवाला_कऱ्हाडकर

चिखलाच्या शेतात ठीक आहे भाऊ, डांबरी रस्त्यावर नाही. हवा कमी झाली की नक्षीच्या खाचा दाबून मिटतात, पाणी निघायला जागा राहत नाही, टायर डुलतो, ॲव्हरेज टायरच्या जातीपेक्षा जास्त यानेच पडतं. पल्सरला हवा पुढे २५ पीएसआय, मागे एकट्याला २८, डबल सीट ३२. गाडी गार असताना बघायची, पंपावर पोचेपर्यंत दहा किमी चालवलेली नको. जास्त भरली तर मधला पट्टा टेकतो आणि मधूनच झिजतो. रोजची_फेरी साहेब, तुमचा मधे सपाट व्हायला खेड बाजूचं सरळ काँक्रीट जबाबदार आहेच, त्याच्यावर पाणी जायला रेघा मारलेल्या असतात, खरखरीत असल्यामुळे धरतं चांगलं पण टायर खातं. पण हवा किती ठेवत होतात तेही एकदा बघा.

रोजची_फेरी

पंपावरचा पोरगा विचारतो किती, मी ३५ म्हणून मोकळा होतो. आता कळलं.

ठरवलंय, दोन्ही टाकतो. पुढे ओल्या रस्त्यासाठीचा, मागे ड्युअल, साईज कंपनीचेच. पुढचा अर्धा राहिलेला काढून ठेवू का, परत दिवाळीनंतर लावायला?

पाना_आणि_पिस्टन

ठेवायचा तर ठेवा, सावलीत, मोटर-जनरेटरपासून लांब, उन्हात नको. पण खरं सांगू का, दोनदा काढ-घाल करायची मजुरी आणि रिमच्या कडेला चरे, तेवढ्यासाठी नका करू. रबरही तोवर अजून जुनं होणार. एवढं रनिंग आहे तर नवा पुढचा बारा महिने राहू द्या.

आणि नवीन टायर टाकल्या दिवशी लगेच घाटात झुकू नका. साच्यातून निघाल्यामुळे वरचा थर गुळगुळीत असतो, पहिले शंभर-दीडशे किमी सरळ आणि हळू, मग थोडं थोडं झुकवत जा म्हणजे कडेचा थर पण घासून निघेल. पेट्रोलने पुसणं, पॉलिश पेपर मारणं असलं काही करायचं नाही.

टायरवाला_कऱ्हाडकर

म्हणूनच म्हणतो, कराडला येऊन बसवलात तर परत जाताना कुंभार्ली उतरायची आहे, नव्या टायरवर, त्यात पाऊस लागला तर अजूनच. त्यापेक्षा चिपळुणातच बसवा आणि पहिले दोन-तीन दिवस गुहागर बाजूची कामं करा. बसवताना साईडचा बाण चाक फिरतं त्या दिशेला आहे ना ते समोर उभं राहून बघा, व्हॉल्व्ह नवीन टाकायला सांगा, शंभरच्या आत काम होतं आणि ट्यूबलेसची हवा जाते ती बहुतेक तिथूनच. दुसऱ्या दिवशी सकाळी परत एकदा हवा चेक करा.