आई ६९ वर्षांची, विसरणं वाढलंय, वजनं उचलायला लावू का?

गवतीचहा:
नमस्कार मंडळी, आम्ही मुलुंडला असतो. आईचं गेल्या सात-आठ महिन्यांत विसरणं वाढलंय, म्हणजे माणसं, नावं सगळी आठवतात पण कुकर लावला आणि तेवढ्यात बेल वाजली की शिट्ट्यांचा हिशोबच जातो, परवा भाजीवाल्याला पैसे दिले आणि पिशवी तिथेच ठेवून घरी आली, मग खूप रडली हो. रोज सकाळी पाऊण तास बागेत चालते, पावसाळ्यातसुद्धा खंड नाही. आता मावसभाऊ म्हणतोय नुसतं चालून भागणार नाही, वेट ट्रेनिंग कर, मेंदूला चांगलं असतं. बाबा म्हणतात या वयात कंबर धरून बसेल. बीपीची गोळी चालू आहे, गुडघे थोडे दुखतात. कुणी घरी करून घेतलंय का? खरंच फरक पडतो का?

सायनची_फिजिओ:
ताई, आधी डॉक्टरांकडे न्या. बी१२, थायरॉइड, शुगर बघा आणि कानही तपासून घ्या. शाकाहारी असतील तर बी१२ नक्कीच, ते कमी असलं तरी असंच होतं आणि वेळेत औषध मिळालं तर सुधारतं.

आता वजनांचं, मावसभाऊ बरोबर सांगतोय. कॅनडात व्हँकुव्हरला टेरेसा लिऊ-अँब्रोज या संशोधक बाईंनी ६५ ते ७५ वयाच्या १५५ बायकांना वर्षभर व्यायाम दिला, २०१० मध्ये ते छापून आलं. एका गटाला आठवड्यातून एकदा वजनं, दुसऱ्याला दोनदा, तिसऱ्याला फक्त तोलाचे आणि हलके व्यायाम. चाचणी अशी की 'लाल' हा शब्द निळ्या शाईत छापलेला, वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. घरी करून बघा, जीभ लालच म्हणायला धावते, तिला आवरायचं काम मेंदूचं. वजनं उचलणाऱ्या दोन्ही गटांत यात ११ ते १३ टक्क्यांच्या आसपास सुधारणा झाली, तिसऱ्यात नाही. तुमच्या आईचं कुकर आणि बेलचं जे होतंय ते मला याच्याच जवळचं वाटतं, स्मरणशक्तीपेक्षा लक्ष सांभाळायचं. म्हणून मी तरी नक्की करून घेईन.

जुनाकट्टा:
माझं वय ७१, दादरला असतो. पाच वर्षांपूर्वी स्टेशनच्या पुलावर कठड्याला धरल्याशिवाय चढता येईना तेव्हा जिम लावली. तिथल्या पोराने वर्षभर मला एक-एक किलोचे डंबेल दिले, काका जपून काका जपून करत, आणि वर्षाने मी होतो तिथेच! फुकट गेलं ते वर्ष. मग दुसरीकडे एका बाईंनी सांगितलं की शेवटच्या दोन वेळा जड गेलंच पाहिजे, सहज बारा वेळा झालं की वजन वाढवायचं. आता दोन्ही हातांत सहा-सहा किलो घेऊन खुर्चीतून उठतो.

आईंना सुरुवात खुर्चीपासूनच करू द्या. जेवणाच्या टेबलाची उंच खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकणार नाही, हात छातीशी, पाय जरा मागे, उठताना तोंडाने श्वास सोडायचा. बीपी आहे ना, मग श्वास कोंडायचा अजिबात नाही. हे जमलं की कवेत तांदळाची पिशवी, आधी एक किलो मग दोन. आणि चालणं मात्र सोडायचं नाही.

सायनची_फिजिओ:
काकांनी वजन वाढवायचं सांगितलं ते फार महत्त्वाचं आहे. सिडनीला ५५ च्या पुढच्या, विसरायला लागलेल्या पण डिमेन्शिया नसलेल्या १०० जणांवर असाच अभ्यास झाला, चांगली जड वजनं, आठवड्यातून दोन-तीनदा, सहा महिने. ज्यांची ताकद जास्त वाढली त्यांचीच मेंदूची कामंही जास्त सुधारली. म्हणजे नुसते हात हलवून नाही होत. गुडघ्यासाठी मात्र पहिले काही दिवस कुणी जाणकार समोर असू दे.

मूगभजी:
खाण्याकडे पण बघा प्लीज, माझ्या सासूबाई रात्री चहा-बिस्किटावर झोपायच्या, त्यावर स्नायू कुठून येणार. आता रात्री मुगाचं धिरडं नाहीतर पनीर असतंच.

गवतीचहा:
सगळ्यांचे मनापासून आभार. उद्या सकाळी रक्त द्यायला नेतेय, कानाचं डोक्यातच नव्हतं, टीव्हीचा आवाज खरंच वाढलाय तिचा. संध्याकाळी खुर्ची भिंतीला लावून करून बघितलं, सहा वेळा उठली, सातव्याला हात टेबलाकडे गेला. बाबा शेजारी उभं राहून मोजत होते, मधेच फोन वाजला आणि बाबांचा आकडा चुकला तर आई म्हणाली पाच झाले, हा सहावा.