मदत हवी आहे: ‘जाऊ नको’ आणि कन्नडचं ‘होगबेड’

मंडळी, भाषाशास्त्रातलं कुणी असेल तर सांगा प्लीज. आमच्या कोल्हापुरात ‘जाऊ नको’, खेड्यात ‘जाऊ नगंस’, आणि चहा नको असला तरी शब्द तोच. कन्नडमध्ये पण सेम, ‘चहा बेड’ आणि ‘होगबेड’, आदरानं बोलताना आपलं ‘नका’ तसं त्यांचं ‘बेडि’, इतकं जुळतंय की विचार पाठ सोडत नाही. हिंदीत मात्र ‘मत जाओ’, संस्कृतात ‘मा गमः’, म्हणजे मनाईला वेगळाच शब्द, आणि ‘चहा मत’ असं कुणी म्हणत नाही. लॅटिनमध्ये मनाई करताना वापरतात ते ‘नोली’ तेवढं जवळचं वाटतं, त्याचा मूळ अर्थ ‘इच्छा करू नकोस’. तर हे मराठीत कन्नडच्या शेजारामुळं आलं का आपलंआपण? तुळू, गोंडी या कन्नडच्याच कुळातल्या भाषा बोलणाऱ्यांनी तुमच्याकडची वाक्यं नक्की टाका, आणि यावर वाचायला काय मिळेल तेपण सांगा.